एका अर्ध्या ‘र’चे दोन पाठ

१

साहित्यकृती नेमकी कोठे असते, हा प्रश्न वरवर भाबडा वाटला तरी सौंदर्यशास्त्राला त्याने दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. चित्र त्याच्या पटावर असते. पट जळाला की चित्र नष्ट होते. कवितेचे तसे नाही. एखाद्या कवितासंग्रहाच्या सर्व प्रती नष्ट झाल्या आणि एका वाचकाच्या स्मरणात ती कविता शब्दशः राहिली, तर ती टिकली असेच कोणीही म्हणेल. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात या भेदाचे जे विवेचन केले, त्यातील साहित्याविषयीचा निष्कर्ष असा होता : दोन प्रती एकाच कृतीच्या आहेत हे ठरवण्यास अक्षरक्रमाची समानता पुरेशी असते. कागद, शाई, मुद्राक्षरांचे वळण, प्रतीचे वय हे सारे गौण ठरते. अक्षरामागून अक्षर तेच असेल तर कृती तीच.

या निष्कर्षाखाली एक गृहीतक आहे. दोन अक्षरे ‘तीच’ आहेत की नाहीत, हे वाचकाला ओळखता येते असे ते गृहीतक होय. हस्तलिखिताच्या आणि छापखान्याच्या युगात ते सहसा खरे ठरत असे. अवघड हस्ताक्षर, झिजलेला खिळा, कसरीने खाल्लेले पान अशा ठिकाणी शंका येई. पण ती शंका डोळ्यांना येत असे आणि तिचे निरसनही डोळ्यांनीच होत असे. संगणकाच्या युगात या गृहीतकाला तडा गेला आहे. आज मराठीत अशा दोन प्रती असू शकतात, ज्या तज्ज्ञ वाचकाच्या डोळ्यांना शेवटच्या वेलांटीपर्यंत एकसारख्या दिसतात, मोठ्याने वाचल्या तर कानांना एकसारख्या ऐकू येतात, आणि तरीही ज्यांचा अक्षरक्रम भिन्न असतो. हा भेद यंत्राला दिसतो, आणि आता वाचन, शोध, क्रम, मोजणी ही कामे मोठ्या प्रमाणावर यंत्राकडेच सोपवलेली आहेत.

या भेदाचे मराठीतील मुख्य ठिकाण फार लहान आहे. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांत येणारा, पापणीसारख्या वळलेल्या आडव्या रेघेचा अर्धा ‘र’ हे ते ठिकाण.

२

‘र’ व्यंजनाला मराठी लेखनात जोडाक्षराच्या आरंभी दोन रूपे मिळतात. एक रूप रफाराचे, जे पुढील अक्षराच्या डोक्यावर बसते. दुसरे या आडव्या रेघेचे, जे पुढील अक्षराला डावीकडून चिकटते. हा केवळ सुलेखनातील पर्याय असता तर त्याविषयी एवढे बोलण्याचे कारण नव्हते. परंतु या दोन रूपांनी मराठीत अर्थभेद होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आर्या’ हे वृत्त, ‘आऱ्या’ ही कातडे टोचण्याची हत्यारे. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची असते, ‘आचाऱ्यांना’ मजुरी. व्याकरणाच्या वर्गात ही शेवटची जोडी नेहमी सांगितली जाते आणि विद्यार्थी दर वर्षी हसतात. पण हसण्याच्या पलीकडे तिच्यात भाषेचा एक नियम आहे.

नियम आघाताचा आहे. ‘दर्या’ उच्चारताना ‘र्’ मागील ‘द’ला जाऊन मिळतो आणि ‘द’ जड होतो. ‘दऱ्या’मध्ये ‘र्’ पुढील ‘या’बरोबर जातो आणि ‘द’ हलकाच राहतो. छंदःशास्त्राच्या भाषेत पहिला शब्द चार मात्रांचा, दुसरा तीन मात्रांचा. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानावे, पण त्यावर आघात नसेल तर लघूच मानावे, हा अपवाद मराठी पद्यरचनेत पावलोपावली लागतो, आणि लेखनात त्याची खूण म्हणून बऱ्याच शब्दांत हीच आडवी रेघ उभी असते. म्हणजे ती एकाच वेळी व्याकरणाची, अर्थाची आणि लयीची खूण आहे. हिंदीच्या प्रचलित लेखनात तिची गरज पडत नाही. मराठीत आणि नेपाळीत पडते. मराठीत तर ‘री’कारान्त आणि ‘रा’कारान्त शब्दांची सामान्यरूपे आणि अनेकवचने तिच्यावाचून लिहिताच येत नाहीत : ‘वारकऱ्यांची’, ‘पांढऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कादंबऱ्या’, ‘बोलणाऱ्याने’. मराठी गद्याचे एक पानही तिच्यावाचून क्वचितच पुरे होते.

३

संगणकाला अक्षर माहीत नसते, अंक माहीत असतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा, याचा करार म्हणजे संकेतन. भारतीय लिप्यांसाठी असा करार ऐंशीच्या दशकात घडत गेला. त्याची १९८८ची आवृत्ती आणि पुढे आयएस १३१९४ : १९९१ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून आलेली आवृत्ती ‘इस्की’ या नावाने ओळखली जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकच असल्याने सर्वांना एकच अंकपट वापरावा, ही त्या करारामागील कल्पना होती. ‘क’चा अंक देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत, मल्याळममध्ये एकच; फक्त वर दिसणारी लिपी बदलायची. कल्पना सुंदर होती आणि तिच्यात भारतीय भाषाविचाराची एक दीर्घ परंपराही होती.

परंतु एकच अंकपट सर्वांना पुरवायचा तर एका भाषेत असलेल्या आणि दुसरीत नसलेल्या वर्णांसाठी सगळीकडे जागा ठेवावी लागते. तमिळ-मल्याळममधील एका विशिष्ट ‘र’साठी देवनागरीत नुक्ता दिलेला ‘ऱ’ आला. मराठीला स्वतंत्र वर्ण म्हणून त्याची काही गरज नव्हती. मात्र त्या वर्णाचे अर्धे रूप देवनागरीत एरवी निकामीच राहिले असते, आणि मराठीच्या आडव्या रेघेला अंकपटात स्वतःची जागा नव्हती. या दोन गोष्टींची सांगड घातली गेली : ‘ऱ’ला हलन्त केले की पडद्यावर मराठीचा अर्धा ‘र’ दिसावा. मराठीतील एक अगदी घरगुती खूण अशा रीतीने शेजाऱ्याच्या रिकाम्या खोलीत राहायला गेली. इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकन करणारे आजही ‘र’च्याच कळीवर, पण वरच्या थरात, हा ‘ऱ’ शोधतात. त्याचा द्राविडी पूर्वेतिहास बहुतेकांच्या गावीही नसतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. जगातील सर्व लिप्यांना एकाच अंकमालिकेत बसवणाऱ्या या करारात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि त्यातील वर्णांचा क्रम १९८८च्या इस्कीवरून घेतला गेला. ‘र’ला षोडशमान पद्धतीत ०९३० हा अंक मिळाला, लगेच पुढचा ०९३१ ‘ऱ’ला. युनिकोडमध्ये आणखी एक साधन होते, ‘शून्यरुंदीचा जोडक’. त्याचा अंक २००डी. त्याला रुंदी नाही, आकार नाही, उच्चार नाही. शेजारच्या अक्षरांनी कसे जुळावे, एवढीच सूचना तो देतो. ‘क’ आणि ‘ष’ यांचे पूर्ण जोडाक्षर नको, ‘क’चे अर्धे रूप हवे, असे सांगायचे असेल तर तो मध्ये ठेवायचा. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठीच्या अर्ध्या ‘र’साठी हीच वाट सांगितली होती : ‘र’, हलन्त, जोडक. पुढील आवृत्त्यांनी इस्कीशी सुसंगत असा ‘ऱ’, हलन्त हा मार्ग मुख्य मानला. मात्र आधीच्या आवृत्तीप्रमाणे लिहिले गेलेले लेखन मोडू नये म्हणून जोडकाची रीतही नियमांत राखून ठेवली.

ही उदारता समजण्यासारखी होती. कराराच्या जुन्या आवृत्तीवर विसंबून लिहिलेले लेखन एका रात्रीत निरक्षर ठरवणे कोणालाही परवडले नसते. परंतु परिणाम असा झाला की एकच दृश्य अक्षर लिहिण्याच्या दोन रीती कायमच्या वैध ठरल्या. या ओळीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ असे दोनदा छापले आहे. वाचकाने भिंग घेतले तरी त्याला भेद सापडणार नाही. पहिल्यात पाच अंक आहेत, दुसऱ्यात सहा. ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे लिहून नंतर हलन्त देण्याची तिसरी रीतही आहे. मात्र तिचे आणि ‘ऱ’चे नाते युनिकोडने अधिकृतपणे नोंदवलेले असल्याने प्रमाणीकरणाच्या प्रक्रियेत त्या दोन रीती एक होतात. जोडकाची रीत त्यांच्यात कधीच विलीन होत नाही. प्रमाणीकरणाच्या दृष्टीने ती वेगळीच अक्षरमाला आहे.

४

याचा परिणाम प्रथम शोधावर होतो. यंत्र शब्द शोधते म्हणजे अंकमाला जुळवून पाहते. एक रीत टंकणाऱ्याने केलेला शोध दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दाला चाटूनही जात नाही, जर आज्ञावली लिहिणाऱ्याने दोहोंना मुद्दाम एकत्र आणलेले नसेल. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे नाव एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत एका रीतीने आणि वाचकाच्या कळफलकावरून दुसऱ्या रीतीने उमटले, तर सूची शांतपणे सांगेल की असा ग्रंथ संग्रही नाही. वाचकाला आपली चूक आहे असे वाटेल, किंवा ग्रंथालयाची. चूक दोघांचीही नसते.

याहून खोल परिणाम मोजणीवर होतो. ग्रामीण साहित्याच्या एखाद्या संगणकीय संग्रहात ‘शेतकरी’ या शब्दाचा आढळ तपासणाऱ्या संशोधकाची कल्पना करावी. ‘शेतकरी’ या सरळरूपात अर्धा ‘र’ नाही, म्हणून ते सगळीकडे निर्विघ्नपणे सापडते. सामान्यरूपात मात्र तो आहेच : ‘शेतकऱ्याला’, ‘शेतकऱ्याची’, ‘शेतकऱ्यांपासून’, ‘शेतकऱ्याने’. संग्रहातील काही ग्रंथ एका रीतीचे आणि काही दुसऱ्या रीतीचे असतील, तर जो शेतकरी वाक्यात सरळ उभा आहे तो मोजला जाईल. ज्याला काही दिले जाते, ज्याचे काही हिरावले जाते, ज्याच्यापासून काही वसूल होते, त्याच्यातील कित्येक मोजणीबाहेर राहतील. अशा कोष्टकावरून शेतकऱ्याच्या वाङ्मयीन प्रतिमेविषयी जो निष्कर्ष निघेल तो आकड्यांच्या आधाराने आणि म्हणूनच अधिक आत्मविश्वासाने चुकीचा असेल. त्याचप्रमाणे ‘कादंबरी’ सापडेल आणि ‘कादंबऱ्या’ हरवतील. अनेकवचनाची कमतरता ही प्रवृत्तीची कमतरता समजली जाईल.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे, कारण तो केवळ अडथळा नसून नाश आहे. शून्यरुंदीचा जोडक मुळात दिसण्यापुरती सूचना म्हणून कल्पिलेला आहे. त्याने अर्थ बदलत नाही, असे गृहीत धरून कित्येक प्रणाली त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. युनिकोडच्या सर्वसाधारण वर्णानुक्रमाच्या पद्धतीतही तो दुर्लक्षणीय चिन्हांत मोडतो. २००३ मध्ये महाजालावरील पत्त्यांसाठी इंग्रजीतर लिप्यांचे जे नियम झाले, त्यांत तो काढून टाकण्याचीच तरतूद होती. पुढील नियमांत हलन्तानंतर त्याला सशर्त प्रवेश मिळाला. लेखनसंग्रह ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे गाळून टाकणे हा तर आज्ञावलीकारांचा नित्याचा संस्कार आहे, आणि आज भाषिक प्रतिमाने ज्या अफाट संग्रहांवर घडवली जातात, तेथे एकेक चिन्ह माणसाने तपासून पाहणे शक्यच नसते. बहुतेक भाषांत या सफाईने काही बिघडत नाही. मराठीत जोडकाच्या रीतीने लिहिलेल्या ‘आचार्‍यांनी’मधून तो काढला की उरते ते ‘आचार्यांनी’. स्वयंपाकघरातील माणूस पाठशाळेत जाऊन बसतो. दऱ्यांचा समुद्र होतो. तीन मात्रांच्या चार होतात, आणि यंत्राकडून वृत्त तपासून घेणाऱ्याला निर्दोष ओळीत दोष दिसू लागतो.

हा बिघाड नेहमी परतवता येत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ‘शेतकर्यांचा’ असा शब्द दिसला तर तो मूळ कोणता होता हे सांगता येते, कारण रफार दिलेला तसा शब्दच भाषेत नाही. पण ‘आचार्यांनी भात शिजवला’ असे वाक्य आले तर काय करावे? सामान्य बुद्धी म्हणेल, भात शिजवणारा आचारीच. साहित्यात सामान्य बुद्धीचा कौल नेहमीच मान्य होत नाही. एखाद्या विनोदी लेखाचे सारे मर्म आचार्यांनीच भात शिजवला यात असू शकते. एखाद्या श्लेषाचा आधारच या दोन रूपांतील अंतर असू शकतो. जेथे पाठ सर्वांत अर्थपूर्ण असतो तेथेच त्याची पुनर्रचना सर्वांत अनिश्चित होते.

याच घराण्यातील आणखी एक उदाहरण समीक्षेच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. इंग्रजी स्वरासाठी ‘अ’वर चंद्र देण्याची मराठीची पद्धत आहे, हिंदीत तो चंद्र ‘ए’च्या आकारावर येतो. युनिकोडमध्ये आरंभापासून जागा होती ती दुसऱ्या रूपाला. मराठी रूपाला स्वतंत्र अंक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत मराठी लिहिणाऱ्यांपैकी कोणी ‘अ’ आणि चंद्र अशी जोडणी केली, कोणी मध्ये जोडक घातला, कोणी हिंदीचे अक्षर चालवून घेतले. परिणामी ॲरिस्टॉटल मराठी लेखनसंग्रहांत अनेक नावांनी वावरतो, आणि काव्यशास्त्राच्या अभ्यासकाने एका नावाने हाक मारली तर बाकीचे ॲरिस्टॉटल ओ देत नाहीत. २००८ नंतर अंक मिळाला. आधीचे लेखन मात्र आधीसारखेच राहिले. नव्या संकेताने जुने लेखन आपोआप सुधारत नाही, त्याच्या शेजारी फक्त एक नवा थर जमा होतो.

५

जाक देरिदा यांनी १९६८ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात एका फ्रेंच शब्दातील एक स्वर बदलून असा भेद घडवला, जो डोळ्यांना दिसतो पण कानांना ऐकू येत नाही. उच्चाराला मूळ आणि लेखनाला त्याची सावली मानणाऱ्या परंपरेला त्यांनी त्या एका अक्षराने प्रश्न केला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्यातील भेद ऐकूही येतो आणि दिसतोही. तेथे लेखन उच्चाराशी इमानी आहे. परंतु ‘दऱ्या’च्या दोन संकेतांमधील भेद दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. तो उच्चाराच्या पलीकडचा तर आहेच, दृश्य लेखनाच्याही खालचा आहे. चिन्हक आणि चिन्हित यांच्या नात्याची चर्चा करणाऱ्या समीक्षेने चिन्हकाला नेहमी अनुभवाला येणारी वस्तू मानले आहे : ध्वनी तरी, आकार तरी. येथे एक असा थर आहे जो वाचकाच्या अनुभवाला कधीच येत नाही आणि तरीही वाचकापुढे कोणती संहिता येईल आणि कोणती येणार नाही, हे तो ठरवतो.

अशा थराचा विचार करण्यासाठी नवे तत्त्वज्ञान उभारावे लागेल असे नाही. पाठचिकित्सेच्या परंपरेत त्यासाठी लागणारी बरीच सामग्री आधीच आहे. जुन्या प्रती तपासणारा संपादक लेखनिकाला दोष देऊन थांबत नाही; लेखनिकाच्या सवयी ओळखतो, कोणते अक्षर कोणत्या अक्षरासाठी चुकून येते याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाने प्रतींची कुळी ठरवतो. संकेतनाच्या बाबतीत कळफलक, टंक आणि परिवर्तक हेच लेखनिक आहेत. विशेषतः परिवर्तक. युनिकोडपूर्व काळात मराठीची अक्षरजुळणी ज्या टंकांवर झाली त्यांत अक्षरे नव्हती, अक्षरांचे तुकडे होते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, रफार शेवटी. अशा फायली युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तकाला आडव्या रेघेचा तुकडा भेटतो तेव्हा तो ‘ऱ’च्या रीतीने लिहावा की जोडकाच्या, हे कोणीतरी ठरवलेले असते. ते ठरवणारा आज्ञावलीकार आपण संपादन करत आहोत असे मानत नाही. पण दोन पाठांतून एक निवडणे यालाच संपादन म्हणतात. तो अनाम संपादक आहे, आणि त्याची प्रस्तावना कोठेच छापलेली नाही.

मराठीला या कामाची दोन मोठी उदाहरणे ठाऊक आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी घुसडू पाहणाऱ्यांना इशाराही दिला. त्या एका प्रमाणीकरणावर पुढील शतकांचे पठण उभे राहिले. तरीही वि. का. राजवाडे यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळा पाठ प्रसिद्ध करता आला आणि प्रश्न पुन्हा उघडता आला. राजवाड्यांचा दावा किती ग्राह्य हा वेगळा वाद आहे. येथे एवढेच महत्त्वाचे की शुद्ध पाठ तयार झाल्याने जुनी पोथी कागदावरून पुसली गेली नव्हती. दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ ते १९६६ असे जवळजवळ अर्धे शतक चाललेल्या त्या कामाची शिस्त तिच्या पानांच्या रचनेतच दिसते : वर निवडलेला पाठ, खाली नाकारलेले पाठ. संपादक निवड करतो, पण नाकारलेल्याचा पुरावा नष्ट करत नाही.

संगणकीय प्रमाणीकरणात नेमकी ही खालची पट्टी नाहीशी होते. सर्व अंकमाला एका रीतीत बदलल्या की फाईल नवी होते आणि जुनी क्वचितच जपली जाते. युनिकोडचा करार स्वतः मात्र या बाबतीत अधिक पुराणमतवादी आहे, हे लक्षणीय होय. एकदा दिलेला अंक काढून घ्यायचा नाही, एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, हे त्याचे व्रत आहे. चुकीची ठरलेली नावेसुद्धा तो तशीच ठेवतो आणि शेजारी दुरुस्ती नोंदवतो. जोडकाची रीत नियमांत टिकली ती याच वृत्तीमुळे. ज्या गोष्टीची तक्रार वापरणारा करतो, तीच पाठचिकित्सकाच्या दृष्टीने त्या कराराची प्रामाणिकता आहे.

६

यावर एक सरळ आक्षेप येऊ शकतो. सगळा जुना मजकूर ‘ऱ’च्या रीतीत आणावा, जोडकाची रीत शिकवू नये, आणि विषय संपवावा, एवढ्याशा तांत्रिक बाबीवर समीक्षेने वेळ का दवडावा? व्यवहारापुरता हा आक्षेप बरोबर आहे. नव्या लेखनासाठी ‘ऱ’ची रीत निश्चितच श्रेयस्कर, कारण तिच्यातील भेद एका दृश्य वर्णाच्या अंकात आहे आणि तो सफाईत सहजासहजी वाहून जात नाही. शोधयंत्राने मात्र सर्व रीतींना सारखे मानावे. वाचकाने कोणत्याही कळफलकावरून मागितले तरी ग्रंथ त्याच्या हाती यावा. साठवण एका रीतीची आणि शोध सर्व रीतींचा, एवढे तत्त्व पाळले तरी निम्म्याहून अधिक अडचणी मिटतील.

परंतु आक्षेपाचा उरलेला भाग मान्य करता येत नाही. ‘तांत्रिक’ हा शब्द येथे फार सोयीचा होतो. मुद्रणातील प्रमाद तांत्रिकच असतात, आणि त्यांच्यावरूनच पाठनिश्चितीचे वाद होतात. जो अभ्यासक मोजणीवर, शब्दसूचीवर, यंत्राने जमवलेल्या उदाहरणांवर निष्कर्ष उभारतो, त्याने आपली संहिता कोणत्या रीतीची आहे हे सांगणे हा त्याच्या युक्तिवादाचाच भाग आहे. एखाद्या कवीच्या समग्र कवितेची संगणकीय आवृत्ती तयार करणाऱ्याने मूळ फाईल जशी मिळाली तशी जपावी. मगच तिचे प्रमाणीकरण करावे. आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. पोथीच्या संपादकाकडून जी अपेक्षा शंभर वर्षे केली जात आहे, तेवढीच येथे अभिप्रेत आहे.

गुडमन यांचा निष्कर्ष मग टाकून द्यावा काय? तशी गरज नाही. अक्षरक्रम तोच तर कृती तीच, हे सूत्र राहू शकते. फक्त ‘तोच’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याला जोडावा लागतो. वाचकाच्या दृष्टीने ‘दऱ्या’चे दोन संकेत म्हणजे एकच अक्षरक्रम आहे आणि यंत्राने त्यांना भिन्न मानणे हा अपुरेपणा आहे. उलट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वाचकाच्या दृष्टीने दोन आहेत आणि यंत्राने त्यांना एक करणे हा अन्याय आहे. दोन्ही बाबतींत निवाडा भाषा जाणणाऱ्याचा असला पाहिजे. आजवर तो बहुधा भाषा न जाणणाऱ्यांनी, किंवा भाषा जाणूनही हा निवाडा आहे हे न ओळखणाऱ्यांनी केला, कारण जाणणारे त्या ठिकाणी नव्हते.

विद्यापीठांच्या मराठी विभागांत पाठचिकित्सा हा विषय अद्याप शिकवला जातो तेथे तो प्राचीन वाङ्मयाच्या खात्यावर टाकला जातो, जणू अर्वाचीन संहितेला पाठभेद नसतात. वस्तुस्थिती अशी आहे की काल टंकलेल्या परिच्छेदालाही पाठभेद आहेत, आणि ते महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांइतकेच अपरिचिताला अदृश्य आहेत. सकळी-सुंदरी या लिप्या शिकून घेतल्याशिवाय त्या पोथ्यांवर कोणी प्रबंध लिहीत नाही. संगणकीय संग्रहावर प्रबंध लिहिणाऱ्याने एका अर्ध्या ‘र’चे दोन अंक ओळखावेत, ही मागणी त्यामानाने फारच माफक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती एका तासात शिकवता येते, आणि तेवढ्या तासाने शेतकऱ्यांची पुष्कळशी सामान्यरूपे मोजणीत परत येतात.